बल्ब नवा, अंधार जुनाच
घरची सात आसनी गाडी : भाग ६

रात्री दिवे लावून गाडी चाललेली असताना ब्रेक दाबला, तर मागचे दोन्ही लाल दिवे भडक व्हायला हवेत. काही गाड्यांत डावा भडक होतो आणि उजवा चक्क विझतो. ब्रेकवरचा पाय काढला की तोच उजवा दिवा परत मिणमिणायला लागतो. घाटात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला अशा वेळी एकच लाल ठिपका दिसतो. पुढे मोटरसायकल आहे असं समजून त्याने बाजूने काढायचं ठरवलं, तर गाडीतल्या सात माणसांचं काय होईल? इंजिनाचा जरासा वेगळा आवाज आला तरी आपण घाबरून गॅरेज गाठतो आणि दिव्यांची दुरुस्ती मात्र ‘दिवाळीत बघू’ म्हणून टाकून देतो. मला हे पटत नाही.

अलिबाग तालुक्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या गाडीत नेमकं हेच होत होतं. जुनी विकत घेतलेली डिझेल एसयूव्ही, आजी-आजोबांसकट सगळं घर तिच्यातून हिंडणारं. आधी बल्ब बदलला. काही दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. त्यानंतर होल्डर बदलला, मग ब्रेकचा स्विच, मग इंडिकेटरचा फ्लॅशर, कारण एव्हाना ब्रेक दाबला की इंडिकेटरही फडफडायला लागला होता. बदललेल्या वस्तूंपैकी एकही खराब नव्हती. दोष होता मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलखाली, पत्र्यावर आवळलेल्या एका स्क्रूपाशी. गाडीच्या त्या कोपऱ्याचं कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालं होतं आणि पेंटरने स्क्रूखालचा पत्राही रंगवून टाकला होता. वर खारी हवा होतीच. रंगाच्या थराला चरे पडून जेवढा पत्रा उघडा राहिला, तेवढ्यावर वायर टेकलेली होती, आणि तिथेही हिरवट थर चढलेला.

या एका स्क्रूला एवढं महत्त्व का, ते नीट समजून घेऊ. बॅटरीच्या प्लस टोकापासून प्रत्येक दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीसाठी वेगळी वायर बॅटरीपर्यंत आणलेली नसते. दिव्याजवळच एक आखूड वायर पत्र्याला जोडतात आणि तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत करंट गाडीच्या अंगातून परत जातो. मेकॅनिक ज्याला अर्थ म्हणतात तो हा. घरातल्या अर्थिंगशी याची गल्लत करू नका. घरात सगळं ठीक असताना अर्थिंगमधून करंट वाहत नाही, ते संकटासाठी असतं. गाडीत मात्र जेवढा करंट दिव्यात जातो तेवढाच्या तेवढा अर्थमधून परत यावा लागतो. म्हणजे अर्थ हा सर्किटचा निम्मा भाग आहे, आणि तपासताना नेमका तोच विसरला जातो.

आता त्या विझणाऱ्या दिव्याकडे येऊ. मागच्या दिव्यात बहुधा एकाच काचेत दोन फिलामेंट असलेला बल्ब असतो: टेललाईटसाठी ५ वॅटची आणि ब्रेकसाठी २१ वॅटची. दोघींचं परतीचं टोक एकच. अर्थ तुटला की टेललाईटच्या करंटला पत्र्यात उतरता येत नाही. मग तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून निघून २१ वॅटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने दुसऱ्या बाजूच्या ब्रेक-फिलामेंटपर्यंत पोचतो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून उतरतो. एवढा वळसा घातल्यावर पूर्ण दाब मिळत नाही, म्हणून दिवा मिणमिणतो. तेवढ्यात तुम्ही ब्रेक दाबता. आता त्या बल्बच्या दोन्ही टोकांना सारखेच बारा व्होल्ट येतात. दोन्हीकडे दाब सारखा असला की करंट वाहत नाही आणि दिवा विझतो.

दिवसा, दिवे बंद असताना हीच गंमत दुसऱ्या रूपात दिसते. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे, पुढचे पार्किंगचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा असे भलतेच दिवे मंद पेटतात, कारण ब्रेकचा करंट आता टेललाईटच्या सर्किटमधून परतीची वाट शोधत असतो. एका बटणाने दुसरंच काहीतरी लागतंय, दोन दिवे एकमेकांशी भांडताहेत, असं दिसलं की बल्ब विकत घ्यायच्या आधी अर्थ तपासा. शंभरातल्या बहुतेक वेळा तिथेच उत्तर असतं असं मी आकड्याने सिद्ध करणार नाही, पण अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन सगळ्यात आधी तिथेच हात घालतो.

बल्ब बदलल्यावर काही दिवस बरं का वाटतं, तेही यावरून कळेल. बल्ब काढताना होल्डर हलतो, वायर ओढली जाते, स्क्रूखालची रिंग किंचित सरकते आणि थरावर नवा चरा पडतो. तेवढ्या चऱ्यातून करंट वाहतो. मग पावसाची दमट हवा तोही बंद करते.

असा दोष तपासणीत सुटतो कारण तपासायची पद्धत चुकते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला, दोन टोकं लावली, ‘बीप’ वाजलं, म्हणजे वायर ठीक, असं मानलं जातं. मीटर तपासणीसाठी नावापुरता करंट सोडतो. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतंच. तसंच होल्डर काढून त्यावर व्होल्ट मोजले तर पूर्ण बारा दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. दाबातली घट दिसते ती ओझं असताना. म्हणून दिवा पेटता ठेवून मोजायचं: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं दिव्याच्या अर्थच्या टोकावर. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं, ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर परतीची वाट खराब आहे. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं दिव्याच्या प्लसवर ठेवून तसंच मोजा, म्हणजे जाणाऱ्या वाटेतली घट कळते. या मोजणीला काही मिनिटं लागतात आणि साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो.

‘अर्धा-एक व्होल्टने काय बिघडतं?’ असं कोणालाही वाटेल. हेडलाईटच्या बाबतीत पुष्कळ बिघडतं. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने घसरतो, साधारण ३.४ व्या घाताने. व्होल्टेज ५ टक्के कमी झालं तर प्रकाश १६ टक्के जातो. १० टक्के कमी झालं तर ३० टक्के प्रकाश गेला. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच४ बल्ब असतो, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५. डिपरवर दोन्ही मिळून सुमारे ९ अँपिअर करंट ओढतात. वाटेतल्या सगळ्या सांध्यांचा, स्विचचा, अर्थचा मिळून अवरोध फक्त ०.१५ ओहम झाला तरी दीडेक व्होल्ट वाटेतच संपतात. चालू इंजिनावर अल्टरनेटर चौदाच्या आसपास देतो, त्यातला दहावा हिस्सा गेला आणि त्याबरोबर जवळपास एक तृतीयांश उजेड. गाडी जुनी झाली, काचा पिवळ्या पडल्या, डोळे थकले, असं आपण म्हणत राहतो. काचा पिवळ्या पडतातच, त्याही घासून घ्याव्यात. पण आधी व्होल्ट मोजावेत.

इथे गॅरेजचा ठरलेला सल्ला येतो: ‘शंभर-नव्वद टाका.’ म्हणजे अप्परला १०० आणि डिपरला ९० वॅटचा बल्ब. मी या सल्ल्याच्या ठाम विरोधात आहे. दोन ९० वॅटचे बल्ब १५ अँपिअर ओढतात. करंट दीडपटीहून थोडा जास्त झाला, पण सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. जो सांधा आधीच खराब आहे त्याच्यावर आपण अडीचपट जाळ धरतो. डिपरच्या दांडीतला स्विच करपतो, होल्डरचं प्लास्टिक वितळून बल्बच्या पायांना चिकटतं. शिवाय वाटेत घटही दीडपट होते, म्हणून नव्वद वॅटचा पुरता उजेड काही मिळत नाही, आणि जो मिळतो तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

खरा उपाय रिलेचा आहे. ज्या जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून जातो, तिथे पुढे रिले बसवून बॅटरीपासून फ्युजसह जाड वायर थेट त्याच्यापर्यंत आणायची. मग स्विचमधून फक्त रिले ओढण्यापुरता, पाव अँपिअरहून कमी करंट जातो. रिलेवरचे आकडे जगभर सारखे असतात: ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा, ८५ आणि ८६ कॉइलचे. मूळचेच ६०/५५ चे बल्ब ठेवा आणि हेडलाईटची अर्थ वायरही जाड करून घ्या. ती विसरली तर निम्मं काम राहिलं. गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांत रिले किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल आधीच असतं, तिथे हे करू नका.

एलईडीचा मोह मी समजू शकते. पण हॅलोजनसाठी घडवलेला रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकी कुठे आहे हे धरून बनवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागी, त्या आकारात बसत नाहीत, उजेड विखुरतो. नव्या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल बल्बचा करंट तपासत असतं, त्याला एलईडीचा कमी करंट दिसला की दिवे लुकलुकतात किंवा बल्ब गेल्याची सूचना येते. इंडिकेटर दुप्पट वेगाने मिचकायला लागतो, कारण एक बल्ब गेला की वेग वाढवून चालकाला कळवायचं, अशीच त्याची रचना आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशील असे मनाने बदलायला परवानगी देत नाही.

एसयूव्हीचा स्वतःचा म्हणावा असा एक दोष आहे, तो मागच्या दारात. सेदान गाडीच्या डिकीत फारशा वायरी जात नाहीत. इथे मागच्या उभ्या दारात वरचा ब्रेकलाईट, नंबरप्लेटचा दिवा, वायपर, काचेचा डिफॉगर, सेंट्रल लॉक, कॅमेरा, एवढं सगळं असतं. या सगळ्यांच्या वायरी छताच्या कडेला, बिजागरीजवळच्या एका रबरी नळीतून दारात शिरतात. दार उघडलं की त्या वाकतात, लावलं की सरळ होतात. सात माणसांच्या घरात दार दिवसातून कितीदा उघडतं ते तुम्हीच बघता. तांब्याची तार एकाच जागी वाकून वाकून तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. लक्षणं फसवी असतात. दार अर्धं उघडलं की नंबरप्लेटचा दिवा लागतो, बंद केलं की जातो. रिव्हर्स कॅमेरा खड्ड्यात गेल्यावर येतो. कोणीतरी कॅमेरा बदलायला सांगतं, कोणी लॉकची मोटर.

इथली तपासणी हाताने करता येते. रबरी नळीची टोकं सोडवून ती मागे सारा आणि एकेक वायर हलकेच ओढून बघा. आत तार तुटलेली असेल तर ती वायर रबरासारखी ताणली जाते. दुरुस्ती करताना दोन टोकं पिळून काळी टेप गुंडाळायची पद्धत सर्रास आहे. ती काही महिने टिकते. सोल्डर केलं तरी ते नळीच्या वाकणाऱ्या भागात असेल तर सोल्डरपाशी वायर कडक होते आणि बरोबर त्याच्या शेजारी पुन्हा तुटते. म्हणून वाकणाऱ्या भागातला तुकडाच काढून टाकायचा, तिथे बारीक तारांची लवचीक नवी वायर घालायची, आणि दोन्ही जोड न वाकणाऱ्या जागी, एक दाराच्या आत व एक छताच्या आत, सोल्डर करून हीट-श्रिंक नळीने बंद करायचे. एक वायर तुटली असेल तर शेजारच्याही त्याच वाटेवर आहेत. सगळ्या एकदमच बदला. मजुरी एकदाच लागते.

वायर घासली जाणं हा दोष नव्या गाड्यांनाही चुकलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने जून २०२१ ते जून २०२३ या काळात बनलेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. इंजिनाच्या भागातलं वायरिंग ज्या वाटेने नेलं होतं तिथे ते घासून कापलं जाण्याची शक्यता होती. तपासणी मोफत होती. जुनी गाडी घेताना तिच्या मॉडेलसाठी असं काही जाहीर झालं होतं का आणि ते काम या गाडीवर झालं का, हे चॅसी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून विचारून घ्या.

घासलेली वायर पत्र्याला टेकली की फ्युज उडतो, आणि उडायलाच हवा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लाल उडाला म्हणून निळा बसवणं, किंवा तांब्याची तार गुंडाळून ‘डायरेक्ट’ करणं, यात फ्युजऐवजी वायर जळायला ठेवली जाते. सीटच्या फोमखालून, छताच्या कापडाखालून जाणारी वायर. मागे मुलं बसलेली असताना. पुन्हा पुन्हा उडणारा फ्युज आकड्याने न वाढवता त्या सर्किटवरची एकेक वस्तू काढून तपासा: आधी मागचं दार, मग नंतर बसवलेले फॉगलाईट आणि हॉर्न, मग बोनेटखाली उंदरांनी कुरतडलेला भाग. नंतर बसवलेल्या वस्तूंकडे संशयाने बघा, कारण त्यांच्या वायरी बऱ्याचदा मूळ वायर सोलून, पत्र्याच्या धारेवरून ओढून नेलेल्या असतात.

इलेक्ट्रिशियनकडे गाडी देताना ‘लाईटचा प्रॉब्लेम आहे’ एवढं सांगू नका. कोणता दिवा, दुसरं काय चालू असताना, पाऊस असताना की नसताना, दार उघडं की बंद, आणि आधी काय काय बदललं, हे कागदावर लिहून द्या. काम झाल्यावर दिवा पेटता ठेवून अर्थवरचे व्होल्ट तुमच्यासमोर मोजायला सांगा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.

पुढच्या भागात : गाडी दोन दिवस उभी राहिली की उतरणारी बॅटरी.