पिल्लाची सकाळची चिठ्ठी

बालमित्रांनो, एक कोडं सोडवा पाहू! कोंबडी शू कुठे करते?

हसू नका. कोंबडी वेगळी शू करतच नाही. तिच्या शिटेवर पांढरा ठिपका दिसतो ना, तीच तिची लघवी. पाणी वाचवायची ही पक्ष्यांची युक्ती!

आता समजा, लासूर स्टेशनच्या आठवडी बाजारातून तुम्ही हट्ट करून चार पिल्लं आणलीत. दोन दिवस घरभर चिवचिव. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं. संध्याकाळपर्यंत खेळ खलास. "काल तर चांगलं होतं!" असं म्हणून तुम्ही रडता.

पण बरं का, काल ते चांगलं नव्हतंच. पिल्लू आपलं दुखणं लपवतं, त्याची शीट मात्र लपवत नाही. म्हणून शाळेत जाण्याआधी दोन मिनिटं खोक्यात वाकून बघायचं. ती पिल्लाची चिठ्ठीच समजा.

घाबरू नका

तपकिरी किंवा हिरवट, घट्टसर आणि वर पांढरी टोपी, म्हणजे सारं ठीक. अधूनमधून चॉकलेटी, चिकट आणि भयंकर घाण वासाची शीट दिसेल. तीही नेहमीचीच. पालक-मेथी खाल्ली तर शीट हिरवी होते. उन्हाळ्यात पिल्लं पाणी जास्त पितात, तेव्हा थोडी पातळही होते.

सावध व्हा

पिल्लू 21 दिवसांनी अंड्यातून बाहेर येतं, तेव्हा त्याच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. म्हणूनच एका दिवसाची पिल्लं लांबच्या गावी पाठवता येतात. पण प्रवासात थंडी वाजली, की शीट पातळ होते आणि शेपटीखालच्या पिसांना चिकटून वाळते. वाटच बंद! अशा वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती हलकेच सोडवा. ओढू नका हं, कातडी निघते. मग पिल्लू कोरडं करून उबेत ठेवा. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पिल्लं दिव्याखाली गर्दी करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळून धापा टाकत असतील तर उकडतंय.

खडूसारखी पांढरी, पातळ शीट आणि मलूल पिल्लू म्हणजे पांढरी हगवण असू शकते. हिचे जंतू कोंबडीकडून अंड्यातूनही पिल्लात येतात.

तीन आठवड्यांनंतर शिटेत रक्त दिसलं, तर रक्ती हगवणीचा संशय घ्या. ही ओल्या गादीत फोफावते. आजारी पिल्लाची शीट तुसात मिसळते, दुसरं पिल्लू तिथेच चोच मारतं आणि रोग पसरतो. म्हणून पाणी सांडलं की ओला तूस लगेच बदला.

हिरवी पातळ हगवण, धाप लागणं, मान वाकडी होणं ही मानमोडीची लक्षणं. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून तिला राणीखेतही म्हणतात. तिच्यावर औषध नाही, लस आहे. ती पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. पिल्लं घेतानाच विचारा, "लस दिलीय का?"

मग करायचं काय?

आजारी पिल्लू वेगळं ठेवा. ताजी शीट छोट्या डबीत घेऊन आईबाबांबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मनाने औषध देऊ नका. एकदम बरीच पिल्लं मेली, तर त्यांना हात न लावता लगेच कळवा. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात अशाच मेलेल्या कोंबड्यांच्या तपासणीतून बर्ड फ्लू उघडकीस आला होता.

आणि पालकहो, एक काम तुमच्याकडे. पिल्लू धरल्यावर मुलं साबणाने हात धुतात ना, ते बघा. पिल्लाचा पापा घेणंही बंद! शिटेतले जंतू माणसालाही आजारी पाडतात.

तर मित्रांनो, उद्या सकाळी नाक मुरडू नका. खोक्यात वाका आणि चिठ्ठी वाचा. पिल्लाला दुसरं लिहिता येत नाही!