ठोकावे की ढकलावे

महिलांच्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात पहिल्या, अचूकतेच्या टप्प्यात दहा गुणांचे वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचे असते. पिस्तुलाची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर नियमाने जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. आता साधे त्रैराशिक मांडा. खाच पाव मिलिमीटर बाजूला सरकली, तर लक्ष्यावर गोळी 28 मिलिमीटर सरकते, म्हणजे नेम बिनचूक धरूनही दहाच्या बाहेर जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला याच प्रकारात सुवर्ण जिंकले. अंतिम फेरी 34-34 अशी बरोबरीत सुटली होती आणि निकाल शूट-ऑफवर लागला. एवढ्या चुरशीत पाव मिलिमीटर ही फार मोठी चूक आहे.

म्हणून माशी-खाच काढण्या-बसवण्याच्या हत्यारांबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटते. खेळाडूच्या श्वासाबद्दल, एकाग्रतेबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. पण माशी ज्या चरात बसते त्याच्याबद्दल, आणि ती तिथे कुठल्या हत्याराने बसवली याबद्दल कोणी चार ओळीही लिहीत नाही. मुंबईच्या परळमध्ये तर हा विषय परका वाटू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा परळ कारखाना 1879 चा. भोवती गिरण्या, गिरण्यांच्या टूलरूम, आणि त्यांत आयुष्य घालवलेले फिटर. दोन धातू घट्ट बसवायचे आणि पुन्हा इजा न करता सोडवायचे, हे या वस्तीचे रोजचे काम होते. नेमबाजीची रेंजही लांब नाही. सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजची, आणि तिचा सराव वरळीत. ती रायफलची खेळाडू. रायफलचे साइट वेगळे, पण मोजमापाची शिस्त तीच.

स्पर्धेच्या पिस्तुलावर हे काम तुलनेने सोपे असते. मागच्या खाचेला बारीक स्क्रू असतात, एकेक क्लिक फिरवायची आणि मोजायची. खरी परीक्षा आहे ती सैन्याच्या, पोलिसांच्या किंवा स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाची. ईशापूरच्या कारखान्यातले 9 मिलिमीटरचे पिस्तूल घ्या. ब्राउनिंगच्या जुन्या घाटाच्या या पिस्तुलाची मागची खाच स्लाइडवरच्या डव्हटेलमध्ये आडवी दाबून बसवलेली असते. डव्हटेल म्हणजे वर अरुंद, तळाशी रुंद असा चर. त्यातला तुकडा उचलून निघत नाही, बाजूनेच सरकतो. पकडणारा स्क्रू बहुधा नसतो, सगळी पकड घट्टपणाची. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाकडे (एनएसजी) असलेल्या ग्लॉक पिस्तुलावर मागे असाच डव्हटेल, पुढची माशी मात्र खालून एका छोट्या स्क्रूने धरलेली. तो स्क्रू स्लाइडच्या आत अशा अडचणीत असतो की साधा पाना तिथे शिरत नाही. त्यासाठी पातळ भिंतीचा सॉकेट लागतो, तीन षोडशांश इंचाचा. हे हत्यार स्वस्त आहे, पण ते नसले की लोक पक्कड घालतात आणि स्क्रूचे डोके खातात.

डव्हटेलमधली खाच हलवण्याचा सर्वात जुना मार्ग म्हणजे पंच आणि हातोडी. पंच पितळेचा किंवा नायलॉनचा हवा, पोलादाचा कधीच नको. पितळ पोलादापेक्षा मऊ असते, म्हणून मार बसला की ते स्वतः झिजते. स्लाइडवर पिवळट डाग राहिला तरी तो पुसून निघतो. पोलादी पंचाचा ओरखडा जन्मभर राहतो. हातोडी हलकी, पाव किलोच्या आतबाहेर. स्लाइड मऊ जबड्यांच्या व्हाइसमध्ये, तेही सपाट बाजूंनी धरून. या पद्धतीने वर्षानुवर्षे उत्तम काम झाले आहे आणि चांगल्या हाताला ती पुरते. तिची उणीव एकच, पण मोठी: घाव मोजता येत नाही. नऊ घावांनी खाच हलत नाही आणि दहाव्याला एकदम अर्धा मिलिमीटर जाते.

रेल्वेच्या व्हील शॉपमध्ये आसावर चाक कधी ठोकून बसवत नाहीत. ते प्रेसवर दाबून चढवतात आणि दाब किती लागला त्याची नोंद ठेवतात. दाब कमी लागला तर बसवणी सैल, प्रमाणाबाहेर लागला तर काहीतरी फाटते आहे. साइट पुशर हे हत्यार याच तत्त्वाचे लहान रूप. स्लाइड धरणारी एक चौकट, तिच्यात आडवा स्क्रू, आणि स्क्रूच्या टोकाला खाच ढकलणारा ठोकळा. स्क्रूचे आटे एक मिलिमीटर अंतराचे असतील, तर पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर, पाव फेऱ्याला पाव. हाताला दाब जाणवतो, डोळ्याला सरकणे दिसते, आणि जास्त गेले तर दुसऱ्या बाजूने परत आणता येते. माझ्या मते ज्याला हे काम एकापेक्षा जास्त वेळा करायचे आहे, त्याने पुशरच घ्यावा.

पण कोणता, इथे बारकाईने बघावे लागते. बाजारात सगळ्या पिस्तुलांना चालतो म्हणून विकला जाणारा पुशर असतो आणि एकाच घाटाच्या स्लाइडसाठी बनवलेलाही असतो. पहिला क्लबला किंवा शस्त्रांची देखभाल करणाऱ्या आर्मररला सोयीचा, दुसरा मजबूत. निवडताना आधी ढकलणाऱ्या ठोकळ्याकडे बघावे. तो खाचेच्या पायाशी, डव्हटेलच्या जवळात जवळ टेकला पाहिजे. वर टेकला तर खाच सरकण्याऐवजी कलंडते आणि चराची कड उचलते. काही खाचांच्या बाजू तिरप्या असतात; त्यांना त्याच तिरपेपणाचा ठोकळा लागतो, नाहीतर दाब वरच्या कडेवर जातो. मग स्लाइडची पकड. दाबाखाली ती उचलली जाऊ नये म्हणून वरून धरणारा स्क्रू हवा. आणि मुख्य स्क्रू जाड हवा; बारीक स्क्रू घट्ट खाचेसमोर वाकतो. ट्रिटियमच्या, अंधारात उजळणाऱ्या खाचांमध्ये काचेच्या नळ्या असतात, तिथे तर हातोडी उचलूच नये.

पुशर हातात आला तरी घाई नको. पिस्तूल रिकामे, मॅगझिन काढलेले, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेला, काडतुसे दुसऱ्या खोलीत. मग स्लाइड वेगळी करून फक्त तिच्यावर काम. खाचेत बारीक सेट स्क्रू आहे का ते आधी बघायचे. असेल तर ॲलन कीने सैल करायचा. तो विसरून दाब दिला की तळाला खोल चरा पडतो. जुन्या जागेची खूण टोकदार पेन्सिलीने करायची आणि कडेपासूनचे अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवायचे. जुन्या कारागिरांची रीत म्हणजे नेमबाजाच्या बाजूने बघताना डावीकडून उजवीकडे काढायची, उजवीकडून डावीकडे घालायची. सगळ्या पिस्तुलांना ती लागू नाही, म्हणून बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका आधी वाचावी.

नवी खाच बोटाने चरात साधारण एक तृतीयांश शिरली पाहिजे, बाकी पुशरने. अजिबात शिरत नसेल तर घासायची ती नवी खाच, स्लाइड कधीच नाही. खाच चुकली तर दुसरी आणता येते. स्लाइडचा चर मोठा झाला की तो परत लहान होत नाही. यासाठी तिकोनी कानस घेतात आणि तिची एक बाजू घासून गुळगुळीत करतात, म्हणजे तळ घासताना तिरपी कड कापली जात नाही. दोन-तीन हलके हात, पुसणे, घालून बघणे, पुन्हा दोन हात. परळच्या कुठल्याही जुन्या फिटरने हे बघितले तर त्याला काही नवीन सांगावे लागणार नाही.

स्क्रूड्रायव्हरबद्दलही एक सांगायला हवे. घरातल्या नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते, म्हणून जोर दिला की ते चरातून वर सटकते. बंदूक कारागीर समांतर बाजूंचे टोक वापरतात, चराच्या लांबी-जाडीला तंतोतंत. अशा टोकांचा चांगला संच पुशरच्या आधी घ्यावा असेही मी म्हणेन.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम 1959 नुसार बंदूक-पिस्तूल दुरुस्तीचा व्यवसायही परवान्याशिवाय करता येत नाही. ज्याला आयुष्यात एकदाच खाच बदलायची आहे त्याने परवानाधारक कारागिराकडेच जावे आणि तो कुठले हत्यार वापरणार हे मोकळेपणाने विचारावे.

बसवल्यावर रेंजवर, हात टेकवून पाच गोळ्यांचा गट. गट डावीकडे गेला तर मागची खाच उजवीकडे सरकवायची, वर गेला तर पुढची माशी उंच हवी. गटाचा मध्य किती मिलिमीटर चुकला त्याला माशी-खाचेतल्या अंतराने गुणायचे आणि लक्ष्याच्या अंतराने भागायचे. 165 मिलिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलाचा गट 25 मीटरवर 38 मिलिमीटर डावीकडे पडला, तर उत्तर येते पाव मिलिमीटर. पुशरवर पाव फेरा द्यायचा, पुन्हा पाच गोळ्या मारायच्या, आणि व्हर्नियरचा नवा आकडा वहीत जुन्याच्या खाली लिहायचा.