टॅपमागची किल्ली

सकाळी गिरगाव मेट्रो स्थानकात गेट एका माणसापाशी जरी अडलं, तरी मागे रांग तुंबते. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड टेकवलं की गेट लगेच उघडायला हवं आणि त्यासाठी बँकेला विचारत बसायला सवड नसते. म्हणूनच ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेल्या या कार्डात २,००० रुपयांपर्यंतची शिल्लक खुद्द चिपमध्ये राहते. ॲपवरून पैसे भरल्यावर कार्ड पुन्हा मशीनवर टेकवावं लागतं ते याचसाठी.

पण शिल्लक जर प्रवाशाच्या खिशात, तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

टेकवल्याबरोबर मशीन कार्डाला एक आकडा देतं, दर वेळी नवा. चिप आपल्या खासगी किल्लीने त्यावर सही करते आणि मशीन प्रमाणपत्रांच्या आधारे ती सही पडताळतं. किल्ली चिपबाहेर येतच नाही. हा संवाद कुणी टिपून घेतला, तरी पुढचा आकडा वेगळा असल्याने जुनी सही कामाची नसते.

सगळ्याच कार्डांचं असं नसतं. १९९४चं 'मायफेअर क्लासिक' स्वस्त आणि झटपट, म्हणून लंडनच्या ऑयस्टरपासून नेदरलँड्सच्या प्रवासी कार्डापर्यंत पसरलं. त्याची किल्ली जेमतेम ४८ बिटांची आणि गणिती पद्धत गुप्त. २००७च्या अखेरीस कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ या संशोधकांनी चिपचे थर घासून सूक्ष्मदर्शकाखाली ती पद्धत वाचायला सुरुवात केली. २००८मध्ये नायमेखेनच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रत्यक्ष कार्डं फोडून दाखवली. उत्पादक कंपनी प्रकाशन थांबवण्यासाठी कोर्टात गेली आणि हरली.

भारताने वाहन परवान्यासाठी मात्र उघड वाट धरली. आयआयटी कानपूर आणि नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर (एनआयसी) यांनी 'स्कॉस्टा' हे कार्डाच्या कार्यप्रणालीचं प्रमाण तयार केलं आणि सगळ्या उत्पादकांना खुलं केलं. त्यामुळे कंपनी बदलली तरी आरटीओची यंत्रणा बदलावी लागत नाही. महाराष्ट्रात अनेक वर्षं दिलेली चिपची लायसन्स याच प्रमाणावरची.

लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांसमोर कार्डावर विश्वास कसा ठेवायचा हाच प्रश्न दाराच्या कार्डाच्या रूपात येतो. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं फक्त आपला ठरलेला क्रमांक सांगतात. तो वाचणाऱ्याला जुळं कार्ड बनवता येतं. दार, कॅन्टीन आणि संगणकाचं लॉगिन एकाच कार्डावर हवं असेल, तर १९९६मध्ये आलेल्या जावा कार्डाचा विचार करावा. त्यात प्रत्येक कामाचं छोटं ॲपलेट वेगळं असतं आणि एकाला दुसऱ्याची माहिती दिसत नाही.

मात्र नवं ॲपलेट चढवण्याची किल्ली ज्याच्या हाती, तोच कार्डाचा खरा मालक. चाचणीसाठीच्या कोऱ्या कार्डांवर बहुधा एकच, सर्वांना ठाऊक असलेली १६ बाइटची किल्ली असते. म्हणून निविदेत भावाच्या आधी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ही किल्ली कोण बदलणार आणि बदललेली कोणाच्या ताब्यात राहणार.