टाकाऊतून नहर

उन्हाळ्यात शाळेच्या बागेतील रोपे सुकलेली तुम्ही पाहिली असतील. मोरीतून मात्र पाणी वाहून जात असते. वजूचे पाणी, हातपाय धुतलेले पाणी, बाटलीत उरलेले पाणी! त्यात साबण नसतो. मग हे पाणी बागेपर्यंत कसे न्यावे? त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. घरातील टाकाऊ वस्तू पुरेत.

हे साहित्य जमवा : एक मोठा रिकामा डबा, पाण्याच्या जुन्या नळीचे तुकडे, सायकलची फाटकी ट्यूब, सुतळी आणि स्वच्छ फडके. डबा तेलाचा असेल तर नीट धुऊन घ्या. कीटकनाशकाचा किंवा औषधाचा डबा मुळीच घेऊ नका. दवाखान्याबाहेर पडलेल्या सलाइनच्या नळ्यांनाही हात लावू नका. त्यांतून रोग पसरतात.

आता नळी जोडू या. एका तुकड्याचे टोक गरम पाण्यात बुडवा. ते मऊ झाले की त्यात दुसऱ्या तुकड्याचे टोक घुसवा. गरम पाण्याचे काम मोठ्या माणसांसमोर करा. मग ट्यूबची लांब पट्टी कापून सांध्यावर ताणून गुंडाळा आणि वरून सुतळी बांधा. नळी तयार झाली.

डबा मोरीच्या तोंडाखाली ठेवा. डब्यावर फडके बांधा, म्हणजे कचरा अडेल आणि डास आत अंडी घालणार नाहीत. डब्याची जागा बागेपेक्षा उंच हवी, हे विसरू नका. जमीन सपाट असेल, तर डबा पायरीवर किंवा विटांवर ठेवा आणि बादलीने भरा.

आता खरी गंमत आहे. डब्याला भोक न पाडता पाणी बाहेर कसे काढायचे? पूर्ण नळी पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे थांबले म्हणजे समजा, आतली हवा गेली. दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून धरा. फडक्याची एक बाजू सैल करून एक टोक डब्यातील पाण्यात सोडा. दुसरे टोक खाली वाफ्याजवळ न्या आणि अंगठे काढा. पाणी डब्याच्या काठावर चढेल, पलीकडे उतरेल आणि वाफ्यात वाहू लागेल! काही मुले तोंडाने ओढून नळी सुरू करतात. तसे करू नका. घाण पाणी पोटात जाते.

पाणी काठावर कसे चढले? नळीची बाहेरची बाजू लांब असते. तिच्यातील पाणी जड असल्यामुळे खाली उतरते. त्याच वेळी डब्यातील पाण्यावर हवेचा दाब असतो. तो दाब मागचे पाणी नळीत ढकलतो. याला वक्रनलिका म्हणतात. नळीत हवा शिरली की ही साखळी तुटते आणि पाणी थांबते. म्हणून सांधे घट्ट हवेत. बाहेरचे टोक डब्यातील पाण्याच्या पातळीपेक्षा वर उचलून पाहा. पाणी लगेच थांबेल.

पाण्याचा आणखी एक गुण आहे. ते आपली पातळी शोधते. पारदर्शक नळीत पाणी भरा आणि दोन्ही टोके वर धरा. एक टोक कितीही दूर नेले, तरी दोन्हीकडे पाणी सारख्याच उंचीवर राहते. गवंडी अशाच नळीने भिंतीची आणि फरशीची पातळी पाहतात.

या गुणाचा उपयोग आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. मलिक अंबर हा मूळचा हबशी गुलाम. तो पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या शहरासाठी मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली. तिला 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. तिला इंजिन नव्हते, पंप नव्हता. जमिनीचा उतार हेच तिचे बळ होते.

त्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पनचक्की आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे आणले गेले. झरा उंचावर असल्याने ते पाणी येथील उंच भिंतीत चढते आणि वरून हौदात कोसळते. या पाण्याच्या जोराने चक्की फिरत असे. तिच्यावर दळलेल्या पिठाच्या भाकऱ्या फकीर आणि मुसाफिर खात. नहर, हौद, फकीर, मुसाफिर हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत ना? ते मराठीतही तितकेच रुळले आहेत.

तुमच्या नळीने चक्की फिरणार नाही. पण थोडा हिशेब करा. १ लिटरची बाटली भरायला ३० सेकंद लागली, तर एका तासात १२० लिटर पाणी वाहते. गळक्या तोटीतून दर सेकंदाला एक थेंब पडला, तरी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी जाते. एवढ्या पाण्यात किती रोपे जगतील?

तेव्हा आधी तोटी घट्ट बंद करा. वजू करतानाही पाणी बेताने वापरा. तरीही जे वाहील, त्याला बागेची वाट दाखवा. हे पाणी पिऊ मात्र नका; ते झाडांचे आहे. मे महिन्यातही तुमच्या बागेतले रोप हिरवे दिसले, तर समजा, तुमची छोटी नहर यशस्वी झाली.

स्वाध्याय
१. कोणते डबे आणि नळ्या वापरू नयेत? का?
२. नळीत हवा शिरल्यास पाणी का थांबते?
३. पनचक्कीत पाणी उंच भिंतीत कसे चढते?
४. तुमच्या शाळेतील एक तोटी भरून वाहताना १ लिटर पाण्याला किती वेळ लागतो, ते मोजा आणि तासाचा हिशेब लिहा. मोजलेले पाणी झाडांना घाला.