रंगाआड दडलेला तडा : वेल्डिंगच्या सांध्यांची डोळस तपासणी

गळीत हंगाम तोंडावर आला, की उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी वेल्डिंगच्या दुकानांपुढे रांगेने उभ्या राहतात. अशाच एका दुकानी, एका रंगविलेल्या ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर, सांध्याच्या कडेने गंजाची केसाएवढी रेघ मला दिसली. मालक म्हणाले, "साहेब, पावसाळ्यापूर्वीच वेल्डिंग मारून घेतले आहे. बघा की, किती जाड आहे!" तारेच्या ब्रशाने रंग खरवडला, तेव्हा खाली बोटभर लांबीचा तडा निघाला. भरलेली ट्रॉली उतारावर असताना हा दांडा तुटता, तर मागून येणाऱ्या वाटसरूंचे काय झाले असते, हे सांगावयास नको.

जाड सांधा म्हणजे मजबूत सांधा, हा समज चुकीचा आहे. वेल्डिंगचा धातू दोन्ही भागांत वितळून एकजीव झाला पाहिजे; नुसता वर सांडून बसलेला धातू भार पेलत नाही. सुदैवाने बरेचसे दोष साध्या डोळ्यांनी दिसतात. भारतीय मानक संस्थेने १९७० साली वेल्डिंगच्या तपासणीसाठी आय.एस. ८२२ ही संहिता प्रसिद्ध केली, तीतही डोळ्यांनी करावयाच्या तपासणीस स्थान आहे.

तपासणी कशी करावी?

सांधा थंड झाल्यावर आणि रंग देण्यापूर्वीच पाहावा. हातोडीने ठोकून मळीची खपली काढावी व तारेच्या ब्रशाने सांधा स्वच्छ करावा. भरपूर उजेडात, डोळा दोन फुटांच्या आत ठेवून, संपूर्ण लांबी पाहावी. पुढील गोष्टी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात :

१. तडा : तो कितीही बारीक असला तरी सांधा नापास समजावा. आय.एस.ओ. ५८१७ या मानकाच्या कोणत्याही प्रतीत तड्याला माफी नाही. जेथे रॉड उचलला, त्या शेवटच्या खळग्यात तडा हमखास शोधावा.

२. कडेची चर : सांध्यालगत मूळ लोखंड खाल्ले जाऊन चर पडते व तेथूनच पुढे तडा जातो. तीन मिलिमीटरहून जाड लोखंडासाठी वरील मानकाची सर्वांत सैल प्रतही एक मिलिमीटरहून खोल चर चालवून घेत नाही.

३. छिद्रे : ओलसर रॉड, गंज, तेल किंवा रंग यांमुळे ती पडतात. म्हणून रॉड कोरडे ठेवावेत व लोखंड आधी घासून घ्यावे.

४. आकार : कोनातील सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. बाजू ८ मिलिमीटर असेल, तर भार पेलणारी जाडी तिच्या सुमारे ०.७ पट, म्हणजे ५.६ मिलिमीटरच असते.

तड्याचा संशय आल्यास एक सोपा उपाय करावा. थंड सांध्यावर डिझेल लावून काही वेळ मुरू द्यावे, मग कोरड्या फडक्याने पुसून खडूची भुकटी पसरावी. तडा असल्यास आत शिरलेले डिझेल वर येऊन ओली रेघ उमटते. विडी, ठिणगी वा विस्तव जवळ असू नये. पुन्हा वेल्डिंग करण्यापूर्वी डिझेल पूर्णपणे काढून टाकावे.

दोष आढळल्यास

तड्यावरून पुन्हा वेल्डिंग फिरविणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. तडा ग्राइंडरने मुळापर्यंत काढून टाकावा, मगच सांधा नव्याने भरावा. त्या ट्रॉलीचेही तसेच केले. मालकांचे दोन दिवस मोडले, परंतु ते कुरकुरले नाहीत.

डोळ्यांना आतला दोष दिसत नाही, हेही ध्यानी ठेवावे. म्हणून ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये सुरक्षा साखळी अवश्य लावावी आणि हंगामात दांडा, आकडा व आसाजवळचे सांधे वारंवार पाहावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस ठरवून, वेल्डिंग कारागिरांसह गावातील ट्रॉल्यांची अशी तपासणी घडवून आणावी. त्यास लागतो तो एक ब्रश, थोडा खडू आणि सावध डोळा.