‘आग्र्या’ची सेवानिवृत्ती

मनुष्य नोकरीतून निवृत्त झाला म्हणजे त्यास शाल व श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात, सहकाऱ्यांसमवेत एक छायाचित्र निघते. आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा कानी आली तरी आता आपणांस कोठे जावयाचे नाही, हे त्याच्या ध्यानी येते. आम्ही स्वतः या अनुभवातून गेलो आहोत. परंतु ज्या निर्जीव वस्तू वर्षानुवर्षे आपली सेवा करितात, त्यांस निरोप देण्याची चाल आपल्यात फारशी नाही. दसऱ्यास आपण अवजारे पूजितो खरे. पण अवजार निकामी झाले की ते माळ्यावर तरी जाते, नाही तर भंगारवाल्याकडे. म्हणून २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या विमानतळावर एका वृद्ध विमानास जो निरोप मिळाला, त्याविषयी आमच्या वाचकांशी दोन शब्द बोलावे असे मनात आले.

हे विमान एअर इंडियाचे ‘आग्रा’. बोइंग ७४७ जातीचे, म्हणजे ज्यास लोक कौतुकाने ‘जंबो’ म्हणत, त्या कुळातले. १९९६ साली ते सेवेत रुजू झाले. एअर इंडियाच्या जंबोंनी उतारू वाहण्याचे काम २०२१ साली थांबविले व त्यानंतर ‘आग्रा’ मुंबईस उभेच होते. त्या सोमवारी सकाळी ते अमेरिकेच्या वाटेने अखेरचे उडाले. धावपट्टी सोडताच वैमानिकाने विमान किंचित डावीकडे, मग उजवीकडे कलते केले. वैमानिकांच्या जगात याचा अर्थ एकच, रामराम! आत उतारू नव्हते. खाली जमलेले विमानतळावरील कामगार मात्र हात हालवीत होते.

या कुळाचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका चिमुकल्या विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणिले, तेथून या घराण्याचा आरंभ. जून १९४८ मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनास गेले. १९६० साली जेट विमाने आली आणि १९७१ साली पहिला जंबो मुंबईस उतरला. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. पुढे शहाजहान, राजेंद्र चोल, विक्रमादित्य, कनिष्क असे एकाहून एक सम्राट दाखल झाले. त्यांच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारख्या कमानी रंगविल्या होत्या व ‘आकाशातील राजवाडा’ अशी त्यांची जाहिरात होत असे. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस यात एक गंमत दिसेल. ‘विमान’ या शब्दाचा अर्थ आकाशयान असा आहे, तसाच अनेक मजल्यांचा प्रासाद असाही आहे. जाहिरात लिहिणाऱ्यास हे ठाऊक असो वा नसो, दोन मजल्यांच्या या यानाच्या ठायी दोन्ही अर्थ एकत्र नांदले. १९९३ पासून जी नवी पिढी आली, तिला सम्राटांऐवजी स्थळांची नावे मिळाली. कोणार्क, खजुराहो, अजिंठा आणि आमच्या लेखाचा नायक आग्रा ही त्यांपैकीच.

जंबोचा आकार कल्पनेत आणणे कठीण आहे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ६४ मीटर आणि लांबी ७० मीटर. म्हणजे आमच्या जुन्या शाळेच्या मैदानात ते मावले नसते. भरून निघाले की वजन जवळजवळ ४०० टन. इतका भार पेलण्यास खाली अठरा चाके. पुढच्या भागी जे कुबड दिसते, त्याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिला जंबो उडाला, त्या काळी सर्वांची अशी समजूत होती की, पुढे ध्वनीहून वेगवान अशी विमानेच उतारू नेतील आणि जंबोच्या वाट्यास मालवाहतूक येईल. माल थेट नाकातून भरता यावा म्हणून वैमानिकांची खोली वर चढविली आणि त्यामुळे ते कुबड आले. प्रत्यक्षात ध्वनीहून वेगवान ‘कॉन्कॉर्ड’ २००३ सालीच निवृत्त झाले आणि हे मालवाहू ठरविलेले कुबडे पुढे वीस वर्षे कारखान्यातून बाहेर पडत राहिले. शेवटचा जंबो जानेवारी २०२३ मध्ये विकत घेणाऱ्याच्या हवाली झाला. एकूण संख्या १५७४. वर्गातील कोणता मुलगा पुढे काय होईल याचे भाकीत करणाऱ्या आम्हां मास्तरांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता हा विषय आमच्या घरात कसा शिरला ते सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंस १९८८ साली अमेरिकेतील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. चंद्रपूरहून नागपूर, नागपूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई, असे आम्ही नऊ जण एका मुलास पोहोचविण्यास निघालो. मातोश्रींनी जवसाची चटणी, मेतकूट व लाडू यांचे डबे इतके बांधिले होते की, वजनाच्या भीतीने निम्मे डबे मुंबईच्या नातलगांकडे ठेवावे लागले. वडील अबोल झाले होते. तीनच वर्षांपूर्वी, २३ जून १९८५ रोजी, ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक बॉम्बस्फोटाने नष्ट झाले होते व ३२९ माणसे प्राणास मुकली होती. १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ मुंबईहून उडताच वांद्र्यासमोरील समुद्रात पडले व २१३ जण गेले, तेही वडिलांच्या स्मरणात होते. जंबोचे गुणगान करिताना ही दोन पाने फाडून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वडील त्या रात्री काही बोलले नाहीत. बंधूंच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, इतकेच.

विमान अंधारात वर चढताना दिसले तेव्हा मातोश्रींनी आम्हांस विचारिले, “एवढे धूड वर जाते कसे रे?” आम्ही शास्त्राचे मास्तर, पंखाचा आकार, हवेचा दाब, सारे सांगू लागलो. त्या ऐकून म्हणाल्या, “जाते कसे ते कळले. परत कसे येते ते सांग.”

याचे उत्तर आम्हांपाशी तेव्हा नव्हते. ते पुढील तीस वर्षांनी दिले. चारशेंवर माणसे एकदम नेणारे विमान निघाले म्हणून परदेशगमन हे केवळ संस्थानिकांचे व बॅरिस्टरांचे राहिले नाही. चंद्रपूरच्या मास्तराचा भाऊही जाऊ शकला. परंतु त्याच सोयीने आमचे पंधरा माणसांचे घर हळूहळू सात माणसांवर आले. बंधूंमागून दोन पुतणे गेले. गणपतीत आरतीचा आवाज क्षीण झाला. १९९८ साली वडील निवर्तले, तेव्हा बंधू तार-टेलिफोन होताच निघाले, तरी घरी पोहोचावयास तिसरा दिवस उजाडला. अग्नी आम्हीच दिला होता. त्यांच्या हाती अस्थी आल्या. विमानास उशीर झाला नव्हता. अंतरच तेवढे होते, आणि ते अंतर आम्ही सर्वांनी मिळून आनंदाने पत्करले होते.

पुढे २००१ साली बंधूंनी मातोश्रींस सहा महिन्यांसाठी नेले. जाताना जे विमान लाभले, त्याचे नाव ‘आग्रा’ होते. महाराष्ट्रातील कोणत्या माणसास हे नाव ऐकून १६६६ साल आठवणार नाही? परत आल्यावर उंबरठ्यावर पाय धुताना मातोश्री म्हणाल्या, “सुटले बाई आग्र्याहून! पेटाऱ्यात बसावे लागले नाही, एवढेच.” लेकाच्या घरी त्यांस काही उणे नव्हते. पण थंडीत दाराबाहेर पडता येईना आणि शेजारी कोण राहते ते सहा महिन्यांत कळले नाही, ही त्यांची तक्रार होती. महाराजांची सुटका कैदेतून होती, मातोश्रींची सुखातून; तरी दोघांस घराची ओढ तीच.

आकाशातून जाणाऱ्या या वाहनाकडे खालून पाहणारेही असतात. नोकरीची काही वर्षे आम्ही गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या बाजूस होतो. स्वच्छ दिवशी निळ्या आभाळात पांढरी रेघ उमटे आणि माडिया मुले वर्ग सोडून अंगणात धावत. ती रेघ म्हणजे धूर नव्हे. इंजिनातून निघालेली वाफ त्या उंचीवरील कडाक्याच्या थंडीत गोठून तिचे हिमकण होतात, हे आम्ही त्यांस फळ्यावर समजावीत असू. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून शेकडो माणसे समुद्रापार जात होती. आणि खाली पर्लकोटेला पूर आला म्हणजे आजारी माणसास पलीकडच्या तीरावर नेता येत नसे. एका मुलाने विचारिले होते, “गुरुजी, ते इथे कधी उतरेल?” या प्रश्नाचे उत्तरही आम्हांपाशी नव्हते. प्रगती वरून जाताना दिसते, तेव्हा ती आपल्या दारी आली असे समजू नये, हे आम्ही त्या मुलाकडून शिकलो.

तरीही या विमानांनी संकटकाळी जे केले ते विसरता येत नाही. २०२० च्या आरंभी चीनमधील वूहान शहर करोनाच्या साथीने बंद झाले असता, एअर इंडियाच्या जंबोंनी दोन फेऱ्यांत साडेसहाशेच्या आसपास माणसे, बहुतेक विद्यार्थी, दिल्लीस सुखरूप आणिली. ते कर्मचारी रोगाच्या तोंडात जाऊन आले. मातोश्रींच्या “परत कसे येते” या प्रश्नाचे याहून सुंदर उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

मग असे विमान निवृत्त का करावे? कारण साधे आहे. त्यास इंजिने चार. ताशी सुमारे १० टन इंधन लागे. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानास विमानतळापासून फार दूर, समुद्रावरून जाण्याची मुभा नव्हती. १९८५ पासून ती मिळू लागली, इंजिने अधिक भरवशाची झाली आणि दोन इंजिनांत तेच काम होऊ लागले. शिवाय धातूसही वय असते. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ होते, आत मात्र दाब राखावा लागतो. त्यामुळे दर उड्डाणास विमानाचे अंग किंचित फुगते व उतरल्यावर पूर्ववत् होते. तार वारंवार वाकविली की तुटते, तसाच हा प्रकार. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन विमाने याच शिणवट्याने फुटली, तेव्हापासून प्रत्येक विमानाच्या उड्डाणांची व तासांची नोंद कसोशीने होते. महत्त्वाच्या प्रत्येक भागाची वेगळी वही असते. तो कधी बसविला, किती चालला, कधी काढावयाचा, सारे तीत लिहिलेले. आमच्या सेवापुस्तकाची आठवण झाली. फरक इतकाच की, आमच्या पुस्तकात रजा फार व त्याच्या पुस्तकात तपासण्या फार.

वेळीच निरोप न दिला तर काय होते, याचाही दाखला जवळच आहे. एका खाजगी कंपनीचे बोइंग ७२० जातीचे विमान १९९१ साली बिघाड होऊन नागपूरच्या विमानतळावर उतरले आणि तेथेच अडकले. धावपट्टीजवळच्या गवतात ते उन्हापावसात सुमारे चोवीस वर्षे उभे होते. २०१५ साली कोठे तेथून हालविले गेले. एकदा नागपूरहून निघताना आम्ही ते खिडकीतून पाहिले. रंग उडालेला, इंजिने मुकी. ज्यास कोणी ‘आता पुरे’ असे म्हटले नाही आणि कोणी ‘चल’ असेही म्हटले नाही, अशा वृद्धाची ती दशा होती. आपल्या घरांतूनही असे कोपरे असतात. वाचकांनी मनाशी विचार करावा.

‘आग्र्या’चे तसे झाले नाही. एअर इंडियाचे शेवटचे चार जंबो एका अमेरिकन कंपनीने घेतले. त्यांपैकी दोन मालवाहू व्हावयाचे आणि दोन सुटे करून त्यांचे भाग इतर विमानांस लावावयाचे, असे ठरले. यात आम्हां चंद्रपूरकरांस अमंगळ काही वाटत नाही. आलापल्लीच्या रानातील साग पडतो, त्याच्या ओंडक्यावर हातोड्याने शिक्का व क्रमांक उमटतो आणि बल्लारपूरच्या डेपोतून तो कोठे कोठे जातो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी येथूनच सागवान रवाना झाले. झाड राहिले नाही, दार राहील.

त्या निरोपाचे चलच्चित्र नातवाने आपल्या फोनवर मातोश्रींस दाखविले. चष्मा पुसून त्यांनी दोनदा पाहिले. नाव ऐकून ओळख पटली. मग विचारिले, “आत कोणी नव्हते?”

“नाही आजी, रिकामेच नेले.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “इतक्यांना पोहोचविले नि आणिले,” त्या म्हणाल्या, “स्वतः निघाले तेव्हा सोबत कोणी नाही. खालच्यांनी हात हालविला, हे बरे केले.” आणि त्यांनी फोनच्या त्या लहानशा काचेस हात जोडिले.

त्या रात्री बंधूंचा अमेरिकेहून दूरध्वनी आला. येत्या दिवाळीस येतो म्हणाले. कोणत्या विमानाने, ते मातोश्रींनी विचारिले नाही. किती दिवसांसाठी, एवढेच विचारिले.