कॉफी भाजताना कान उघडे ठेवा

कॉफीच्या कच्च्या बियांना कॉफीचा वास येत नाही. येतो तो वाळल्या गवताचा. ही फिकट हिरवी, टणक बी भट्टीतच कॉफी होते आणि आता ही भट्टी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मावते. गरम हवेच्या छोट्या यंत्रात पंखा खालून हवा फेकतो आणि त्या झोतावर बिया उलटसुलट होत भाजल्या जातात. तव्यावर बसतो तसा एकाच बाजूला चटका बसत नाही. अमेरिकेत मायकेल सिव्हेट्झ यांनी 1970च्या दशकात ही पद्धत पुढे आणली.

कच्च्या बीमध्ये साधारण 10 ते 12 टक्के पाणी असतं. ते उडू लागलं की बी पिवळी पडते. 150 अंश सेल्सिअसच्या आसपास साखर आणि अमिनो आम्लांची अभिक्रिया जोर धरते, रंग तपकिरी होतो. आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडत जातो आणि सुमारे 200 अंशांना बी तडकते, लाह्या फुटल्यासारखी! ही तडतड संपता संपता बिया काढल्या, तर फळासारखा आंबटगोडपणा टिकतो. अजून भाजल्या की कडवटपणा वाढतो, मग दुसरी, बारीक चुरचुर ऐकू येते आणि बियांवर तेल चमकू लागतं. त्यापुढे जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे चिकमगळूरची बी काय नि इथिओपियाची काय, चव एकच: जळकी.

खिडकी उघडी ठेवा. उडालेली सालपटं चटकन पेट घेतात, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर ती काढून टाका. बिया लगेच गार करा आणि एक दिवस तरी थांबून मगच दळा.